चित्रकार आणि प्रोग्रामर यांना एका कामावर बसवा

प्रति,
मा. कला संचालक,
कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई.



आपल्या अखत्यारीतल्या कला महाविद्यालयांत उपयोजित कला शिकणारा विद्यार्थी आज दिवसाचा मोठा भाग संगणकापुढे घालवतो. पोस्टर, पॅकेजिंग, बोधचित्रे, अ‍ॅनिमेशन, अक्षररचना ही सगळी कामे शेवटी पडद्यावरच पूर्ण होतात. त्याच शहरात, बहुधा रिक्षाच्या अंतरावर, अभियांत्रिकी महाविद्यालयांत ओपन सोर्सचे वेड लागलेली मुले असतात. ती लिनक्सचे मेळावे भरवतात, परदेशातल्या प्रकल्पांना कोड पाठवतात आणि फुकट राबतात. चार वर्षांत या दोघांची एकदाही गाठ पडत नाही. ती पडावी, आणि परिसंवादाच्या व्यासपीठावर न पडता एखाद्या प्रत्यक्ष कामावर पडावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे. हे जाहीरपणे लिहितो आहे, कारण हा प्रश्न आपल्या कार्यालयाइतकाच राज्यातल्या प्रत्येक कला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आहे.

ओपन सोर्सचा विषय सरकारी टेबलावर नेहमी खर्चाच्या रकान्यातून येतो. परवान्याचे पैसे वाचतील, तेव्हा महागडे सॉफ्टवेअर काढा आणि हे लावा, असा तो युक्तिवाद असतो. मला तो दुबळा वाटतो. नुसते पैसे वाचतात म्हणून बसवलेले सॉफ्टवेअर वर्षभर धूळ खाते, शिक्षक नाखूश असतात आणि पहिली संधी मिळताच जुन्यावर परत जातात. माझा मुद्दा वेगळा आहे. कलाकाराची संगणकीय साधने चांगली होतात ती कलाकार आणि प्रोग्रामर एकाच कामात अडकलेले असतात तेव्हा. खुल्या साधनांच्या बाबतीत अशी जोडी जमवणे आपल्या हातात आहे, बंद साधनांच्या बाबतीत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास याला पुरावा आहे.

ब्लेंडरचेच पाहा. नेदरलँड्सचे टॉन रोसेंडाल यांनी आपल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या अंतर्गत वापरासाठी हे त्रिमिती सॉफ्टवेअर उभे केले. पुढे ते विकण्यासाठी कंपनी निघाली आणि २००२ मध्ये ती बंद पडली. गुंतवणूकदार एक लाख युरोंच्या बदल्यात सोर्स कोड सोडायला तयार झाले. जगभरच्या वापरकर्त्यांनी ती रक्कम सात आठवड्यांत गोळा केली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीपीएल या खुल्या परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. ही गोष्ट लोक आवडीने सांगतात, पण ब्लेंडर घडले ते त्यानंतर. कोड खुला झाला तरी व्यावसायिक कलाकार तिकडे फिरकत नव्हते, कारण त्यांच्या कामाला लागणाऱ्या कित्येक गोष्टी त्यात नव्हत्याच. रोसेंडाल यांनी मग एक उपाय काढला. मोजके कलाकार अ‍ॅमस्टरडॅमला बोलावले, त्यांना काही महिने एका लघुपटावर बसवले आणि प्रोग्रामर त्यांच्या दिमतीला दिले. २००६ मध्ये ‘एलिफंट्स ड्रीम’ तयार झाला. त्या चित्रपटाला केस हवे होते आणि वेगवेगळे थर एकत्र जुळवण्याची नोड-पद्धत हवी होती, म्हणून त्या गोष्टी ब्लेंडरमध्ये आल्या. २००८ च्या ‘बिग बक बनी’ला केसाळ प्राणी आणि गवताची कुरणे लागत होती, त्यामुळे लव आणि गवत काढण्याची यंत्रणा सुधारली. २०१२ च्या ‘टिअर्स ऑफ स्टील’मध्ये खऱ्या नटांच्या चित्रीकरणात संगणकीय दृश्ये मिसळायची होती, त्यापायी कॅमेऱ्याची हालचाल हुडकून काढणारे साधन पक्के झाले. प्रत्येक वेळी आधी कलाकृतीची नड उभी राहिली आणि मग कोड लिहिला गेला. शिवाय चित्रपटांच्या सगळ्या कच्च्या फाइली लोकांसाठी खुल्या ठेवल्या, त्यामुळे नागपूरच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्यालाही त्या उघडून पाहता येतात.

याहून बोलके उदाहरण ग्रीज पेन्सिलचे. त्रिमिती दृश्यावर खुणा नि टिपा करण्यापुरते ते ब्लेंडरमधले छोटे साधन होते. डॅनियल मार्टिनेझ लारा या स्पॅनिश अ‍ॅनिमेटरला त्यात हाताने काढलेल्या द्विमिती अ‍ॅनिमेशनची शक्यता दिसली. अँटोनियो वाझकेझ या प्रोग्रामरने आणि इतर काहींनी त्याच्या गरजा ऐकत ऐकत ते साधन वाढवले. पुढे जेरेमी क्लापाँ यांच्या ‘आय लॉस्ट माय बॉडी’ या फ्रेंच चित्रपटात ते वापरले गेले आणि २०१९ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा ‘फ्लो’ तर पूर्णपणे ब्लेंडरमध्ये केलेला आहे. साधारण ३५ लाख युरोंत झालेल्या या चित्रपटाला मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळच. लाटव्हियाची लोकसंख्या आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते.

उलट बाजूचा पुरावाही ठेवतो. ब्लेंडरमध्ये वस्तू निवडायची तर माउसचे उजवे बटण दाबावे लागे. जगातल्या बाकी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये डावे. नवे विद्यार्थी पहिल्या तासालाच अडखळत, कलाकार वर्षानुवर्षे तक्रार करत, आणि ती सवय मुळातून बदलायला २०१९ ची २.८० ही आवृत्ती यावी लागली. जिथे कलाकाराचा आवाज पोचला नाही तिथे खुले सॉफ्टवेअरही हेकट राहिले. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरचा प्रवास याच कारणासाठी बघण्यासारखा आहे. सुरुवातीला ते धड फोटो सुधारण्याचे नव्हते, धड चित्र काढण्याचे नव्हते. २००९ च्या सुमारास ते घडवणाऱ्या मंडळींनी ठरवले की, हे साधन कोऱ्या कॅनव्हासवर चित्र काढणाऱ्यासाठी करायचे, बाकीचा मोह सोडायचा. त्यानंतर डेव्हिड रेव्हॉय यांच्यासारखे मुरलेले चित्रकार त्यावर रोज काम करू लागले, खटकणारे सांगू लागले आणि आपले ब्रश इतरांसाठी मोकळे करू लागले. आज क्रितात ब्रश फिरवताना हाताला जो सहजपणा जाणवतो, तो या संवादातून आला आहे.

आता आपल्या घरचे बोलतो. ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही, आणि तिचे मूळ जे. जे.च्या आवारात आहे. कवी, सुलेखनकार आणि जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेले र. कृ. जोशी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतल्या संगणकतज्ज्ञांबरोबर काम करत. भारतीय लिप्यांची वळणे यंत्राला कशी शिकवायची, हा त्यांचा ध्यास होता. विंडोजबरोबर जगभर पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातचा, आणि जीपीएलखाली खुला झालेला ‘रघु’ही त्यांचाच. संगणकावर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी त्यांची अक्षरे वाचली आहेत. एका बाजूला बोरू धरणारा हात आणि दुसऱ्या बाजूला सांकेतिक क्रमांकांची शिस्त जाणणारे डोके, अशी ती बैठक होती. जोशी सर २००८ मध्ये गेले. एकट्याच्या तळमळीवर उभे राहिलेले असे काम अभ्यासक्रमात कुठे रुजवता आले असते, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही आणि आजही त्याला जागा नाही.

त्या जागेची गरज किती आहे हे एका शब्दाच्या मांडणीवरून कळेल. उपयोजित कलेच्या विद्यार्थिनीला सह्याद्रीवरच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ करायचे आहे आणि त्यात ‘दऱ्या’ हा शब्द मोठ्या टायपात घ्यायचा आहे. तिला आवडलेल्या फॉन्टमध्ये तो ‘दर्या’ दिसतो, किंवा ऱ आणि य हलन्त चिन्हासह सुटे पडतात. डोंगराच्या जागी समुद्र आला! कारण असे, की चंद्रकोरीसारखा तो आडवा र ज्या भाषांना लागतो त्यांत मराठी ठळक आहे आणि हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या अनेक फॉन्टमध्ये तो राहून जातो. विद्यार्थिनी काय करते? अक्षरांची बाह्यरेषा काढून घेते, र हाताने जोडते आणि काम पुढे पाठवते. पुढच्या वर्षीची विद्यार्थिनी तेच करते, गल्लीतला डीटीपीवालाही तेच करतो. आता फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे आणि शेजारी संगणकशास्त्राचा विद्यार्थी बसला आहे, असे समजा. ती त्या फॉन्टच्या जाडीला आणि वळणाला शोभेल असा र काढते. तो फॉन्टमध्ये नियम घालतो की ऱ नंतर हलन्त आणि व्यंजन आले की हे रूप घ्यायचे. दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे जाते, आणि ती स्वीकारली गेली की तो फॉन्ट वापरणाऱ्या सर्वांना कायमची मिळते. दोघांपैकी एकट्याला हे साधले नसते. त्याला र चा तोल कळत नाही, तिला नियम कुठे लिहायचा ते ठाऊक नाही. पाकळीचा ल आणि देठाचा श यांचेही तेच. मराठीची वर्णमाला आणि लिपी कशी असावी याचा शासन निर्णय २००९ मध्ये निघाला, २०२२ मध्ये तो सुधारला गेला, तरी ती वळणे कागदावरून फॉन्टमध्ये उतरवायची तर त्यासाठी असे दोन माणसांचे हात लागतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे खुले फॉन्ट आज दुकानांच्या पाट्यांपासून वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांपर्यंत दिसतात. ते इतके वापरले जातात याचे कारण त्यांमागे अक्षराची जाण आणि तंत्राची जाण एकत्र होती.

आपल्याकडे पहिला आक्षेप येईल तो नोकरीचा. जाहिरात कंपनी अमुक सॉफ्टवेअर मागते, प्रेसवाला सीडीआर फाइल मागतो, मग मुलांना वेगळे शिकवून त्यांचे नुकसान कशाला? आक्षेप खरा आहे, म्हणून मी बदली मागत नाही, भर मागतो. जे बाजारात चालते ते शिकवले पाहिजेच. पण ‘उद्योगाला बंद साधनेच लागतात’ हे अर्धेच खरे आहे. दृश्यपरिणामांच्या स्टुडिओंत रोज हाताळले जाणारे ओपनईएक्सआर हे चित्रस्वरूप इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ मध्ये खुले केले. धूर-ढगांसाठीचे ओपनव्हीडीबी ड्रीमवर्क्सकडून आले. २०१८ मध्ये ऑस्कर देणारी अकादमी आणि लिनक्स फाउंडेशन यांनी मिळून अशा प्रकल्पांच्या सांभाळासाठी स्वतंत्र संस्था काढली. स्टुडिओ घिबलीने आपल्या गरजेप्रमाणे घडवून घेतलेले टून्झ हे अ‍ॅनिमेशनचे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये खुले झाले. कलाकारांशेजारी प्रोग्रामर बसवल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, हे उद्योगाला फार आधी कळले आहे आणि दोन्ही भाषा थोड्याफार समजणाऱ्या माणसाला तिथे मान आहे. दुसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नाही ती अशी, की कॉलेज सुटल्यावर सॉफ्टवेअरचे महिन्याचे भाडे परवडत नाही म्हणून कित्येक मुले चोरीच्या प्रती वापरतात. आपण त्यांना एका साधनाची सवय लावतो आणि ते प्रामाणिकपणे वापरण्याची सोय मात्र करत नाही. हे शिक्षणसंस्थांना शोभत नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा, आणि इथे मी खुल्या साधनांची वकिली डोळे झाकून करणार नाही. गिम्प या चित्रसंपादनाच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये छपाईच्या चार रंगांत थेट काम करता येत नाही. मूळ चित्र शाबूत ठेवून वरून परिणाम देण्याची सोय त्यात २०२५ च्या ३.० आवृत्तीत आली, म्हणजे फारच उशिरा. क्रिता आणि पानांची मांडणी करणारे स्क्रायबस छपाईचे रंग हाताळतात, पण प्रेसची सगळी कामे त्यांवर बिनघोर सोपवा असे मी म्हणणार नाही. तरीही या उणिवा माझ्याच बाजूने बोलतात. गिम्पसारख्या प्रकल्पाला राबणारे हात मूठभर आहेत, आणि छपाईच्या व्यवहारात मुरलेली माणसे त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतात. प्लेट कशी निघते, काळ्या मजकुराखाली रंग का राहू द्यायचा, हे ज्याने प्रेसमध्ये उभे राहून पाहिले आहे तो उपयोजित कलेचा विद्यार्थी त्या प्रोग्रामरला हवा आहे. साधन अपुरे आहे म्हणून कलाकार दूर राहतो, आणि कलाकार दूर राहतो म्हणून साधन अपुरे राहते. हे चक्र तोडायला कुठेतरी सुरुवात व्हावी लागेल, आणि ज्यांच्याकडे महाविद्यालये आहेत त्यांना ती करणे सर्वांत सोपे आहे.

कलाकारांची एक भीती मला अधिक गंभीर वाटते. ‘खुले’ म्हटले की आपली चित्रेही फुकट वाटावी लागतील, असा समज आहे. आज यंत्रांना चित्रे शिकवण्यासाठी कलाकारांचे काम न विचारता उचलले जात असताना ही भीती साहजिक आहे. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की सॉफ्टवेअरचा परवाना सॉफ्टवेअरपुरता असतो. क्रितात काढलेले चित्र, ब्लेंडरमध्ये केलेला चित्रपट संपूर्णपणे कलाकाराचा. तो विकावा, राखून ठेवावा, की मोकळा करावा, हा त्याचा अधिकार. रेव्हॉय यांनी ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा २०१४ पासून स्वेच्छेने खुली ठेवली. वाचक त्यांना वर्गणी देतात आणि ग्लेना या फ्रेंच प्रकाशकाने ती छापूनही काढली. तो त्यांचा निर्णय आहे, कोणावर लादायचा नमुना नव्हे. संयुक्त प्रकल्पातही कोणती गोष्ट खुली होणार आणि कोणती कलाकाराच्या मालकीची राहणार, हे पहिल्या दिवशी लिहून घेतले पाहिजे.

शेवटची अडचण ओपन सोर्सवाल्यांच्या स्वभावाची आहे, आणि ती झाकून चालणार नाही. त्यांना चित्रकार आठवतो तो बोधचिन्ह हवे असते तेव्हा, टी-शर्ट छापायचा असतो तेव्हा. सगळे ठरून झाल्यावर ‘जरा छान करून दे’ म्हणून त्याला बोलावतात, आणि त्याने एखादी त्रुटी दाखवली तर ‘कोड खुला आहे, तूच दुरुस्त कर’ असे उत्तर देतात. ही वागणूक कलाकाराला कायमची पळवून लावते. यासाठीच सुरुवात कलेच्या बाजूने व्हावी, विषय कलाकाराने ठरवावा आणि प्रोग्रामरने त्याच्या गरजेमागे चालावे, असा माझा आग्रह आहे. ब्लेंडरच्या चित्रपटांनी हाच क्रम पाळला. २००६ मध्ये ल्यों येथे सुरू झालेल्या लिब्रे ग्राफिक्स मीटिंग या वार्षिक संमेलनातही साधने घडवणारे आणि वापरणारे समोरासमोर येतात, आणि तिथल्या चर्चा प्रत्यक्ष कामाच्या आधाराने होतात.

तेव्हा नेमके काय करावे, तेही मांडतो. नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कला महाविद्यालय यांपासून आरंभ करता येईल. दोन्ही शहरांत नावाजलेली अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. एका सत्रात प्रत्येकी एक काम घ्यावे. एखादा खुला मराठी फॉन्ट पूर्ण करणे, पाच मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट, किंवा शाळेच्या पुस्तकासाठी चित्रांचा संच. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचे गट एकत्र बसवावेत आणि नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टसाठी जे श्रेयांक आहेत ते या कामाला द्यावेत. श्रेयांकाशिवाय असल्या गोष्टी हौसेवर चालतात आणि हौस परीक्षेच्या महिन्यात आटते. काम करताना साधनात जे अडले त्याची नीट नोंद करून मूळ प्रकल्पाकडे पाठवणे हा मूल्यमापनाचाच भाग असावा, कारण अडचण अचूक शब्दांत आणि चित्रासह मांडता येणे हे कलाकाराचे मोठे कौशल्य आहे. शिक्षकांना तयार करण्यासाठी शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ब्लेंडर, गिम्प, इंकस्केपचे धडे आहेत आणि त्या प्रकल्पाने मराठी निवेदनातलेही धडे केले आहेत. केरळात स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंगच्या स्वयंसेवकांनी आपल्या लिपीचे सुंदर खुले फॉन्ट घडवले आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’मधून सरकारी शाळांतली मुले खुल्या साधनांवर अ‍ॅनिमेशन शिकत आहेत. एक राज्य हे करू शकते, तर दुसऱ्याला अशक्य असण्याचे कारण दिसत नाही.

आणखी एक विनंती. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात अशा जोडकामांसाठी एक विभाग ठेवावा आणि त्यात चित्रकाराबरोबर प्रोग्रामरचेही नाव लावावे. राज्याने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केले आहे, पैशाची तरतूद होणार आहे. त्यातला एक लहानसा वाटा या दोन महाविद्यालयांच्या पहिल्या सत्रासाठी मागून घ्यावा, येत्या शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकात ते सत्र बसवावे आणि त्यातून जे तयार होईल, चांगले असो वा अपुरे, ते पुढच्या प्रदर्शनात लोकांसमोर ठेवावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
मुक्त सॉफ्टवेअर वापरणारा एक मराठी नागरिक